धोपाव्याच्या उतरणीवर

पोंक्षे डॉक्टरणीने हायब्रिड घेतली
तेव्हा जेटीवर सगळे मलाच विचारू लागले,
मुकादम, ही तुझ्या हातची आहे का?
म्हटलं, बोनेट तर उघडू दे.

अर्धं ओळखीचं निघालं. पट्टा, प्लग, तेलाची काडी.
अर्ध्यात अंगठ्याएवढ्या जाड नारिंगी केबली,
त्यांच्यावर विजेचा तिरका बाण,
आणि पान्याने विचारावं, कुठं दुखतंय,
असा एकही नट नाही.

चाळीस वर्षं स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला
आणि मूठ कानाला लावून
मी रोग सांगत आलो.
ही बया मनात आलं तर बोलते.
फेरीच्या रांगेत पुढचा ट्रक सरकला की तीही सरकते,
रस्त्यात निजलेलं कुत्रं
मान वर करत नाही.

नुसती विजेची का नाही घेतलीत, मी विचारलं.
डॉक्टरीण जनावरांची. हातात गोठ्याचा वास,
डिकीत बादली, दोर, सलाईन.
म्हणाली, वादळानंतर अकरा दिवस लाइट नव्हते वेलदूरला.
अडलेली गाय अकरा दिवस थांबत नाही, बशीरभाई.

पतपेढीचे नार्वेकर मान हलवत राहिले:
दोन डगरींवर पाय.
धड पेट्रोलची नाही, धड विजेची नाही,
दहा वर्षांनी कोण विचारतो हिला?

माझ्या बापाच्या गलबतालाही असेच हसले होते.
शीड होतं, डोलकाठी होती,
आणि त्याने पोटात जुनं डिझेल इंजिन बसवलं.
वारा असला की इंजिन बंद,
वारा पडला की शीड गुंडाळून धूर.
जुने तांडेल त्याच्या शेजारी नांगर टाकेनात.
मग सगळ्यांनीच इंजिनं घेतली,
शिडं गोठ्यांवर पसरली गेली,
आणि बापाची डोलकाठी
अजून आमच्या पडवीत आडवी आहे,
तिच्यावर सुकट वाळते.

वैशाखात गाडीत लाल त्रिकोण पेटला.
रत्नागिरीहून फोनवर सांगितलं, बॅटरी गेली,
आणि आकडा सांगितला.
डॉक्टरणीने मनातल्या मनात त्याच्या म्हशी केल्या,
दोन म्हशी आणि एक पारडू,
आणि गप्प बसली.

माझा भाचा नौफल पुण्याला कोर्स करून आलाय.
कोपरापर्यंत रबरी हातमोजे घालून
त्याने मागची सीट काढली.
मला म्हणाला, मामू, लांब उभा राहा.
माझ्याच गॅरेजात!
सीटखाली हवा जायची जाळी.
जाळीत पेंढा, बकरीचे केस,
आणि आपली लाल माती, बोटभर.
नौफलने माझ्याकडे बघितलं.
मी घरातून जुना टूथब्रश आणला.

दुसऱ्या दिवशी त्रिकोण नव्हता.

डॉक्टरीण मला धोपाव्यापर्यंत घेऊन गेली.
उतरणीला लागलो तसा
पडद्यावरचा बाण उलटा फिरला,
चाकाकडून बॅटरीकडे.
चढताना खर्च केलेलं उतरताना परत येतं म्हणे.
सगळं नाही. थोडं.
साठी उलटल्यावर हे मला
एक गाडी सांगते.

पुढे काय, मला विचारू नका.
बॅटरी खरंच जाईल तेव्हा म्हशींचा भाव काय असेल,
खारी हवा त्या नारिंगी केबलींचं काय करेल,
नौफल इथे राहील की पुण्याला.
पेंटर पाटी रंगवायला आला होता.
'मुकादम ऑटो' लिहून झालं,
पुढची हातभर जागा मी कोरी ठेवायला लावली.
त्याने पैसे पूर्ण पाटीचे घेतले.

फेरीवर गाडी चढली, गप्प झाली.
चालू आहे का? मी विचारलं.
आहे.
मला राहवेना. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून
टोक बोनेटवर टेकवलं, मूठ कानाला.
तिच्या आत काहीच नव्हतं,
आणि त्या काहीच नसण्यातून, टायरांतून, पत्र्यातून,
खालून फेरीचं डिझेल स्पष्ट ऐकू आलं.

तिसऱ्या सिलिंडरचा नोझल टपकतोय.
पलीकडे लागल्यावर
सारंगाला सांगायला हवं.